बाभुळगावात बसून इमिग्रेशन वकील कसा करावा

ज्यांचा पोरगा, पुतण्या, साळा, गेला बाजार साळ्याचा रूममेट परदेशात आहे आणि ज्यांना आता आपणही जावं किंवा घरातल्या कोणाला तरी धाडावं असं वाटू लागलंय, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. तिकडे धंदा टाकायला निघालेल्या शेठ लोकांनाही ती चालेल, त्यांच्यासाठी पुढे वेगळं प्रकरण आहे. साहित्य फारसं लागत नाही. मोबाइलला नेट हवं, घरात एक लोखंडी कपाट हवं आणि त्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे हे घरातल्या एका तरी माणसाला आठवायला हवं.

वकील सोडून सगळ्यांना विचारा

ही पायरी टाळता येत नाही. तुम्ही कोणाला सांगायच्या आधीच बातमी बसस्टँडवर पोचलेली असते. कृषी केंद्रात सरकीच्या बॅगा घ्यायला गेलात की पहिला सल्ला फुकट मिळतो. "वकील कायले पाह्यजे भाऊ? आमच्या जावायाचं तं घरी बसल्या झालं." वाद घालू नका. जावई शिकायला गेला. विद्यापीठाने कागद पाठवला, बँकेने कर्ज दिलं, मुंबईला मुलाखत झाली, गेला. तुम्हाला धाडायची आहे धाकटी बहीण, तिकडच्या भावाकडे, नवऱ्या-पोरांसकट, आणि तीही कायमची. अर्ज वेगळा, कलम वेगळं, आणि वेळेचं तर पुढे सांगतोच.

दुसरा सल्ला टपरीवर मिळतो. "एकदा जाऊ तं द्या तिकडं, मंग तिकडंच पाहू." सगळ्या सल्ल्यांत हा महाग. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातापायांत बेड्या घालून आणलेल्या त्या लोकांत तिघे महाराष्ट्राचे होते. "तिकडंच पाहू" म्हणणारा एकही एजंट त्या विमानात नव्हता.

तिसरा सल्ला निवृत्त गुरुजी देतात. "आधी कागदं पाहा." त्यांना चहा पाजा.

आता एक वजाबाकी करून टाकू. सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत जायचं असेल तर वकील लागत नाही. मुलगा तिकडून अर्ज भरतो, तुम्ही मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखतीला जाता, आणि त्या खिडकीपर्यंत कुठलाही वकील तुमच्यासोबत येत नाही. साहेबाला एवढंच पाहायचं असतं की हा माणूस परत येणार की नाही. घर, शेत, गुरं, दुसरा मुलगा, जे खरं आहे ते सांगावं. "जानेवारीत तूर काढायची हाय" हे उत्तर कोणत्याही वकिलाने लिहून दिलेल्या उत्तरापेक्षा चांगलं आहे, फक्त तूर खरंच पेरलेली असावी.

फ्लेक्सकडे पाठ करून उभे राहा

जिल्ह्याच्या गावी, यवतमाळला गेलात की चौकात फ्लेक्स दिसतील. एका कोपऱ्यात कॅनडाचं लाल पान, दुसऱ्यात विमान, मध्ये टायवाला माणूस आणि खाली "१००% व्हिसा गॅरंटी". नवशिक्याला इथे हायसं वाटतं, आणि नेमकं तेच वाटू द्यायचं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे भारतातल्या वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणजे फ्लेक्सवर ज्याचा फोटो आहे तो बहुतेक वकीलच नाही. आणि असलाच, तर ज्याने आपल्याच धंद्याचा नियम मोडला तो तुमच्या कामात कोणता नियम पाळणार? गॅरंटीचं तर बोलूच नका. व्हिसा देणं न देणं त्या त्या सरकारच्या अधिकाऱ्याच्या हाती असतं, आणि तो अधिकारी फ्लेक्स वाचत नाही.

आखातात ड्रायव्हर, गवंडी किंवा वेल्डर म्हणून जाणाऱ्यांनी वकिलाच्या मागे लागूच नये. त्यांच्यासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. त्याची फी कायद्याने ठरलेली आहे: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. दीड लाख मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. तो रागावला तर दुसरा एजंट पाहा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टावर उत्प्रवास तपासणीचा शिक्का असतो आणि १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं बदलून देऊ" असं म्हणणारा एजंट ही मंजुरी चुकवत असतो. भोगायचं मात्र तुम्हाला.

ज्या देशात जायचं, वकील त्या देशाचा

हे लोकांना शेवटपर्यंत पटत नाही. यवतमाळचे वकीलसाहेब कितीही नावाजलेले असोत, त्यांनी फेरफाराच्या दाव्यात अख्खा तालुका जिंकून दिलेला असो, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यापुढे त्यांची सही चालत नाही. तिथे तिथल्या कुठल्या तरी राज्याच्या बारचा सदस्य असलेला वकील लागतो. कायदा केंद्राचा असल्याने राज्य कोणतंही चालतं. भाऊ न्यू जर्सीत आणि वकील टेक्सासात, तरी बिघडत नाही.

कॅनडासाठी तिथला वकील, नाहीतर परवानाधारक सल्लागार लागतो. या सल्लागारांची नोंदवही त्यांच्या कॉलेजच्या संकेतस्थळावर उघडी आहे. कॉलेज म्हणजे शाळा-कॉलेज नव्हे, सल्लागारांवर देखरेख ठेवणारी ती संस्था. ऑस्ट्रेलियासाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा तिथला वकील. ब्रिटनमध्ये ही तपासणी करणाऱ्या कार्यालयाचं नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटी झालं आहे. जुनं नाव सांगणारा सल्लागार एक तर म्हातारा असेल, नाहीतर नोंदणी संपलेला.

अमेरिकेतल्या वकिलाचं नाव त्याच्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर टाका. परवाना चालू आहे का, कधी मिळाला, कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, सगळं फुकट दिसतं. आपल्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलाच्या गावी दोन माणसं पाठवून पान टपरीवर चौकशी करतात, इथे तर एसटीचं तिकीटही लागत नाही. तरी लोक ही चौकशी करत नाहीत, कारण "तो आपलाच माणूस हाय, अमरावतीचा."

वकील तुमचं काम घेतो तेव्हा जी-२८ नावाचा कागद भरतो. वकीलपत्रच ते. त्यावर त्याचं नाव, बारचा क्रमांक आणि सही असते. जो माणूस तुमचा अर्ज भरतो, पैसे घेतो, पण "माझं नाव कुठं येऊ देऊ नका" म्हणतो, त्याच्याकडून उठून या. चहा अर्धा राहिला तरी चालेल.

मग यवतमाळच्या वकीलसाहेबांचं काही काम नाही का? आहे, आणि भरपूर आहे. प्रतिज्ञापत्रं, उशिराची जन्मनोंद, नावातला घोळ हे सगळं इकडच्याच वकिलाने निस्तरायचं असतं. तिकडचा वकील फक्त "हा कागद आणा" म्हणतो. तो कसा आणायचा, हे त्याच्या बापालाही ठाऊक नसतं.

एक जुनं प्रकरण

कायदा पाठ असलेला वकील किती पुरतो आणि हातातला कागद किती पुरतो, हे पाहायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

सखाराम गणेश पंडित. नाव आपल्याकडचं वाटतं, जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. अमेरिकेत गेले, तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत फिरले आणि कॅलिफोर्नियात स्थिरावले. १९१४ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिलं. त्या काळी तिथे नागरिक व्हायला आशियाई माणसाला "गोरा" ठरावं लागे, आणि हिंदी माणूस गोरा की नाही यावर प्रत्येक कोर्ट आपापल्या परीने निकाल देई. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने गोरं ठरवलं होतं. पंडितांच्या अर्जालाही सरकारने कोर्टात विरोध केला. विरोध हरला. आणि मग सरकारने अपील केलं नाही. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

१९१७ मध्ये पंडित कॅलिफोर्नियात वकील झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंद यांची बाजू त्यांनीच मांडली. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत भरती झालेले. युक्तिवाद पंडिती थाटाचा होता: वंशशास्त्र, आर्य, कॉकेशस, सगळं आलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. न्यायमूर्ती सदरलँड यांचं म्हणणं, शास्त्र काहीही म्हणो, साध्या माणसाच्या बोलण्यात हिंदी माणूस गोरा नाही. थिंद हरले. लगोलग सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि त्या यादीत खुद्द पंडितांचं नाव आलं.

आता ते स्वतःच आपले अशील. या वेळी वंशशास्त्र त्यांनी बाजूला ठेवलं. ते म्हणाले, १९१४ साली याच सरकारने याच प्रश्नावर माझ्याशी भांडण केलं, हरलं आणि अपील केलं नाही. त्या निकालाच्या भरवशावर मी लग्न केलं, घर घेतलं, वकिली सुरू केली. आता पुन्हा तेच भांडण उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने त्यांचं म्हणणं मानलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला. पंडित नागरिक राहिले. बाकीच्या बहुतेक हिंदी लोकांना १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं, आणि त्या कायद्याने भारतासाठी कोटा दिला तो वर्षाला १०० माणसांचा.

अशिलासाठी आर्यांपर्यंत गेले ते हरले. स्वतःसाठी जुना निकाल काढून दाखवला ते जिंकले. गुरुजींना हे सांगितलं तर ते म्हणतील, मी काय म्हणलो होतो?

रांग

वकील रांग लहान करू शकत नाही. हे वाक्य छापून कपाटाच्या आतून चिकटवा.

अमेरिकन नागरिकाचा नवरा, बायको, २१ वर्षांखालचं लग्न न झालेलं मूल आणि आईवडील, एवढ्यांना कोट्याची रांग नाही. आईवडिलांना न्यायचं असेल तर मुलगा नागरिकच हवा, नुसतं ग्रीन कार्ड चालत नाही. तीच अट भावा-बहिणीला. आणि भावा-बहिणीची रांग कशी? २०२५ च्या शेवटी भारतातल्या २००६ सालच्या अर्जांची पाळी चालू होती. भावाने बहिणीचा अर्ज भरला तेव्हा भाचा अंगणवाडीत होता. पाळी येईपर्यंत भाच्याचं वय एकवीस उलटतं. २००२ च्या एका कायद्याने त्याच्या वयातून काही काळ वजा करता येतो, पण बरेचदा हिशेब बसत नाही आणि आईवडील जातात, पोरगा राहतो. नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचं वेगळं नाही. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीय इंजिनिअरांच्या मुख्य रांगा २०२५ च्या शेवटी २०१३ च्या आसपास अडकल्या होत्या.

ही पाळी दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं जाहीर करतं. कोणीही वाचू शकतं. "माझी तिथं ओळख आहे, तुमचा नंबर वर घेतो" म्हणणारा माणूस वकील असो, मामा असो की माजी जिल्हा परिषद सदस्य, त्याला पैसे देऊ नका. माझं विचाराल तर बहिणीचा अर्ज भरून टाकावा आणि विसरून जावं. मात्र घराचा पत्ता बदलला की कळवायला विसरू नये. एवढ्या वर्षांत पत्ता हमखास बदलतो.

कपाट उघडा

आता खरं काम. इथे घाई करू नका, एक अख्खा रविवार ठेवा.

भाऊ-बहीण आहोत हे अमेरिकेला पटवायचं म्हणजे दोघांचे जन्मदाखले आणि दोन्हींवर आईबापाची तीच नावं. भावाचा दाखला १९८० चा, ग्रामपंचायतीचा. त्यावर आईचं नाव कुसुम. बहीण आजोळी जन्मली, तिच्या दाखल्यावर आई सुनंदा, कारण सासरी नाव बदललं तरी मामाने माहेरचंच सांगितलं. शाळेच्या दाखल्यावर आईच नाही. वडील एका ठिकाणी रामराव, सातबाऱ्यावर रामभाऊ, आधारवर रामदास. तहसीलमध्ये हे सगळे एकच आहेत हे शिपायालाही माहीत असतं. अमेरिकेच्या फाइलमध्ये मात्र तीन बाप आणि दोन आया उभ्या राहतात.

इंग्रजी स्पेलिंग हा तर वेगळाच कारभार. "विठ्ठल"मध्ये "टी" एक की दोन, त्यापुढे "एच" आहे की नाही, हे बारावीच्या गुणपत्रिकेवर बोर्डाने ठरवलं, पासपोर्टावर एजंटाने आणि पॅनवर सीएच्या पोराने. तिघांनी तीन ठरवली. आधी पासपोर्टावरचं पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याकडे आणा. राज्यशासनाच्या राजपत्रात नाव छापून घेता येतं, "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र करता येतं. कोणता उपाय कुठे पुरतो ते तिकडच्या वकिलाला विचारा, आणि प्रत्यक्ष करा इकडच्याकडून.

वडिलांचा जन्म १९५५ चा असेल तर ग्रामपंचायतीत नोंद सापडायची आशा कमी. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदाच १९६९ चा. पण आपल्या विदर्भात एक सोय आहे जी अमेरिकेच्या वकिलाने जन्मात पाहिली नसते. कोतवाल बुक. जात पडताळणीसाठी ज्यांनी ते तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढलंय त्यांना ठाऊक आहे: कोतवालाने गावातला जन्म लिहिलेला, तारीख आहे, बापाचं नाव आहे, "मुलगा" लिहिलंय. मुलाचं नाव नाही. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल लिहून मोकळा. अशा नकलेसोबत "जन्माची नोंद आढळून येत नाही" असा ग्रामपंचायतीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. वडीलधारे शोधायला लागा. दर वर्षी ते कमी होत आहेत. आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै असेल तर घाबरू नका, मास्तरांनी निम्म्या वर्गाला तीच दिली होती.

आता आयत्या वेळी नोंद करून नवा कोरा दाखला काढायचा मोह होईल. कायदेशीर मार्ग आहे: एक वर्षानंतरच्या नोंदीला आधी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे, २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी यांच्याकडे आलं. पण उशिराचा दाखला दिसला की तिकडे पुरवणी पुरावा मागतातच. त्यात २०२५ च्या शेवटी आपल्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर सत्तावीस हजारांवर जन्मनोंदी निघाल्या. गाव दीड हजार लोकसंख्येचं. तेव्हा जुना, कडा फाटलेला, शाई उडालेला कागद सापडला तर तो लॅमिनेट करू नका. तसाच जपा.

लग्नाचे कागद त्या मानाने सोपे. १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी गावातच ग्रामसेवकाकडे होते (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं). अडचण वेगळीच येते. तिकडच्या साहेबाला लग्न खरं आहे याचा पुरावा हवा असतो, आणि त्याच्या मनात खरं लग्न म्हणजे दोन वर्षं सोबत फिरणं. आपलं पोट्टं डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुटीवर आलं, पहिल्या आठवड्यात पोरगी पाहिली, तिसऱ्यात हळद लागली. हे लपवू नका, समजावून सांगा. साक्षगंधाचे फोटो, पत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, नंतरचे फोन, त्याच्या परत येण्याची तिकिटं, सगळं द्या. आठशे माणसं जेवली हा पुरावा आहे, पण पंगतीचे चाळीस फोटो नकोत. नवरा-नवरी दोघं दिसतील असे दहा पुरेत.

शेठजींसाठी

ज्यांची जिनिंग आहे, दालमिल आहे किंवा यवतमाळ रोडला प्लॉट विकून हातात रक्कम आलीय, त्यांना कोणीतरी हमखास सांगतं, "अमेरिकेत मोटेल घ्या, व्हिसा भेटते." ती योजना आहे, तिचं नाव ई-२. फक्त ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्याच नागरिकांना ती मिळते. पाकिस्तान त्या यादीत आहे. भारत नाही. शेठजींना हे शेवटी सांगावं, जेवण झाल्यावर.

दुसरी वाट ईबी-५. मागास किंवा ग्रामीण भागातल्या प्रकल्पात ८ लाख डॉलर, इतरत्र १० लाख ५० हजार, आणि दहा जणांना रोजगार. आठ लाख डॉलर म्हणजे सात कोटींच्या घरात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, म्हणून शेठजी, शेठाणी आणि सज्ञान मुलं मिळून ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे हप्ते पाडतात. हे जमतं. मग वकील विचारतो, पैसा आला कुठून? आणि इथे बाभुळगाव अडतं.

शेतीचं उत्पन्न करमुक्त. त्यामुळे वीस वर्षं शेतीतून पैसा आला तरी आयकर विवरणात तो धड दिसत नाही, अनेकांनी विवरणच भरलेलं नसतं. तिकडच्या वकिलाच्या हिशेबी हा पैसा आकाशातून पडला. मग बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या, सीसीआयला कापूस दिला त्याचे बँकेत जमा झालेले पैसे, सातबाऱ्यावरची पीकनोंद, बेंबळा प्रकल्पात जमीन गेली असेल तर भूसंपादनाचा निवाडा आणि मोबदल्याची नोंद, हे सगळं वर्षावर वर्ष लावून द्यावं लागतं. व्यापाऱ्याला रोखीने विकलेला माल विसरा. तो पैसा तुम्ही कमावला असला तरी कागदाला माहीत नाही.

तिसरी वाट कंपनीची: इकडची कंपनी तिकडे शाखा काढते आणि आपला मॅनेजर पाठवते. एल-१. माणसाने गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष इथे खरोखर व्यवस्थापकाचं काम केलेलं असावं. नव्या शाखेला पहिलं एकच वर्ष देतात, पुढे ती चालतेय हे दाखवावं लागतं. वकील कंपनीचा तक्ता मागतो, कोणाच्या हाताखाली कोण. जिनिंगचा तक्ता असा निघतो: मालक बाप, मॅनेजर मुलगा, हिशेब भाचा, आणि उन्हाळ्यात तिघंही लग्नांत. चांगला वकील हा तक्ता पाहून "नको" म्हणेल. त्याची सल्ल्याची फी द्या, ती वाया गेली नाही. वाईट वकील तिथेच दोन काल्पनिक मॅनेजर जन्माला घालेल, आणि खोटं पकडलं गेलं की अमेरिकेची दारं कायमची लागू शकतात. त्याची नव्हे, तुमची.

वकील कोणाचा

नोकरीवर गेलेल्या मुलाने "आमच्या कंपनीचा वकील आहे" म्हटलं तर एवढंच विचारा, तो कंपनीचा की तुझा? अर्ज कंपनी करते, वकील कंपनी नेमते, आणि दोघांचं हित एकमेकांवर आपटलं की तो कोणाचं ऐकेल ते उघड आहे. एक गोष्ट मात्र मुलाच्या बाजूची: ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्यातल्या श्रम-प्रमाणपत्राची वकील फी कंपनीनेच भरायची असा तिथला नियम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून नव्याने येणाऱ्यांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलर लावल्यापासून कंपन्यांचा हात आखडलाय, तेव्हा मुलाकडून हळूच पैसे वळते करून घेण्याचे प्रकार होऊ शकतात. स्वतःच्या खिशातून काही भरायच्या आधी त्याने एक तास वेगळा वकील करावा.

फी आणि फोन

फीचा कागद आधी लिहून घ्या, दोन रकाने करून. एकात सरकारची फी, दुसऱ्यात वकिलाची. भावा-बहिणीच्या अर्जाची सरकारी फी एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. कोणी "सगळं मिळून" म्हणाला तर "सगळं" म्हणजे काय ते विचारा. अर्ज गेला की पावती येते, तीवर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो मागून घ्या. त्यावरून अर्ज कुठे आहे ते तुम्हाला स्वतःला पाहता येतं, वकिलाच्या पोराला फोन लावायची गरज नाही.

कागद पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकू नका. सेतूवाल्याकडे स्कॅन करा, सरळ धरून, मागच्या बाजूसकट. शिक्के मागच्या बाजूलाच असतात. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतात.

फोनची वेळ ही मात्र बाभुळगावकरांची जमेची बाजू. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची थ्री फेज आली, मोटार चालू झाली, साडेअकरा वाजले, म्हणजे तिकडे दुपारचा एक. पुण्या-मुंबईची मंडळी तेव्हा झोपलेली असतात. तुम्ही बांधावर जागेच आहात. प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवा, मोटारीपासून लांब जा, आणि मुद्द्याचं बोला. तासावर फी घेणारे तिकडचे वकील बहुधा सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून बिल करतात. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन लावलात, "लेकरंबाळं कशी हायेत" विचारलंत आणि त्यानेही आपुलकीने उत्तर दिलं, तर तो एक तुकडा होतो. पाऊसपाण्याचं निघालं की दोन.